यंत्र उद्याचे, बंध आजचा

ज्या साधनावर मनुष्य स्वतः आरूढ होतो आणि ज्याची गती त्याच्याच शरीराच्या हालचालींवर अवलंबून असते, त्या साधनाची निवड वरवर पाहता एक वाटली तरी वस्तुतः ती दोन निवडींची बेरीज असते. पहिली निवड धावणाऱ्या भागाची असते. बर्फावर हा भाग म्हणजे पायाखालची लांब, चिंचोळी फळी, म्हणजेच स्की. आणि रस्त्यावर तो सायकलीची फ्रेम, चाके व गिअर यांनी बनतो. दुसरी निवड मनुष्याला त्या यंत्राशी जोडणाऱ्या भागाची असते. स्कीवर बूट घट्ट धरून ठेवणारी आणि पडताना तो सोडून देणारी यंत्रणा असते, तिला बाइंडिंग म्हणतात. सायकलीवर तेच काम पेडल आणि बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेली क्लीट ही छोटी पट्टी मिळून करतात. या जोडणाऱ्या भागाला प्रस्तुत लेखात 'बंध' म्हटले आहे.

सोलापुरात बर्फ नाही आणि उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. त्यामुळे स्कीचा प्रश्न येथे हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्या मोजक्या हौशी लोकांपुरताच राहतो. मात्र त्याच प्रश्नाचे रस्त्यावरचे रूप, म्हणजे स्वतःच्या कुवतीला व चालवण्याच्या पद्धतीला साजेशी सायकल आणि पेडल कोणते, हे तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि विजापूर अशा चार वाटा फुटणाऱ्या या शहरात अगदी जवळचे आहे. या प्रश्नाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका दृष्टीने साधन हे स्वार उद्या जो होणार आहे त्याच्यासाठी घ्यावे, तर दुसऱ्या दृष्टीने तो आज जो आहे त्याच्यासाठी घ्यावे. पुढील संवादात पहिली बाजू लांब पल्ल्याची पहिली ब्रेव्हे करू पाहणारा एक तरुण अभियंता मांडतो आणि दुसरी त्याला शाळेत शिकवलेले, आता निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक मांडतात. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक वेळेत, वाटेत कोणाच्याही मदतीविना पूर्ण करण्याची चाचणी. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 300 साठी 20, 400 साठी 27 आणि 600 साठी 40 तास मिळतात.

अभियंता : सर, सायकल काही दर वर्षी घेतली जात नाही. आज सोपी, जड, सरळ हँडलची सायकल घेतली, तर सहा महिन्यांत पाय तयार होतात आणि सायकल मागे पडते. मग ती निम्म्या किमतीत विकून दुसरी घ्यावी लागते. त्यापेक्षा वाकडे हँडल, हलकी फ्रेम, पुढे 52 व 36 दातांच्या चक्र्या, मागे 11 ते 28 दातांची कॅसेट (मागच्या चाकावरील चक्र्यांचा संच), 25 मिलिमीटरचे टायर आणि क्लीटचे पेडल असलेली शर्यतीची सायकल पहिल्यांदाच घेतली, तर शरीर तिच्याकडून शिकते. सुस्त साधनावर शिकणाऱ्याला आपली चूक कळतच नाही, कारण त्याने काहीही केले तरी साधन सारखेच वागते. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. असे ध्येय समोर असेल तर साधनही त्याच जातीचे हवे.

क्रीडाशिक्षक : उदाहरण चांगले आहे, पण ते तुझ्याच विरुद्ध जाते. त्या शर्यतीत स्वाराच्या मागे मदतनीसांची गाडी असते आणि सपाटीला एक, चढाला दुसरी अशी सायकल बदलण्याची सोय तिच्यात करता येते. ब्रेव्हेत तशी मदत नियमातच बसत नाही. एकच सायकल, एकच स्वार आणि पंक्चर झाले तर स्वतःचेच हात. म्हणून ध्येय किती मोठे हे विचारण्याआधी वाट कोणती आणि त्या वाटेवर मदतीला कोण, हे विचारायला हवे. या शहरात गिरणीचा भोंगा झाला की रस्त्यावर येणारी काळी सायकल आठवून पाहा. वजन वीस किलोच्या आसपास, पुढे 44 आणि मागे 18 दात, गिअर एकच, बसण्याची ढब ताठ, टायर जाड आणि पायाला बंध कसलाच नाही. कामगाराच्या रोजच्या चार-सहा किलोमीटरांना, डब्याला आणि खड्ड्यांना ती इतकी चोख बसत होती की तिला कमी दर्जाची म्हणण्यापेक्षा वेगळ्या कामाची म्हणणेच रास्त ठरेल.

येथे दोन संकल्पना वेगळ्या करणे आवश्यक आहे. 'कुवत' म्हणजे स्वाराचे बळ, दम आणि यंत्रावरील ताबा; ती सरावाने वाढते. 'पद्धत' म्हणजे त्या यंत्राने करावयाचे काम, त्यासाठी निवडलेली वाट आणि त्या वाटेवर शरीर धरून ठेवण्याची ढब. ती सरावाने वाढत नाही, फक्त बदलते. क्रीडाशिक्षकांचा पहिला आक्षेप पद्धतीविषयी आहे, कुवतीविषयी नाही. आणि अभियंत्याचे पुढील उत्तर हा फरक मान्य करूनच येते.

अभियंता : वाट म्हणाल तर सोलापूरचा प्रदेश पठारी आहे. विजापूरला जाऊन परत आले की भीमा ओलांडत जवळपास 200 किलोमीटर होतात आणि या वाटेवर मोठा घाट नाही. येथे खरा शत्रू वारा आहे. पावसाळ्याच्या महिन्यांत वारा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि पंढरपूर पश्चिमेलाच आहे, म्हणजे जाताना तो सतत तोंडावर येतो. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 25 चा वेग 30 वर नेला, तर वेग पाचव्या हिश्शाने वाढतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे पाऊणपट वाढते. हा विरोध बहुतांशी स्वाराच्या शरीराचा असतो, सायकलीचा नव्हे. म्हणून खाली वाकून बसवणारी फ्रेम हा शौक नसून सोलापूरची गरज आहे.

क्रीडाशिक्षक : गणित बरोबर आहे, पण ते वेगाचे आहे, वेळेचे नाही. 200 किलोमीटरला साडेतेरा तास म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटरच्याही किंचित खाली. त्यामुळे येथे प्रश्न 30 चा वेग गाठण्याचा नसून बारा-तेरा तास सीटवर टिकण्याचा आहे. दहाव्या मिनिटाला शोभणारी वाकण्याची ढब दहाव्या तासाला मान, मनगट आणि कंबर मिळून मोडून काढतात, आणि मग स्वार हँडलचा वरचा भाग धरून ताठ बसतो. म्हणजे ज्या ढबीसाठी पैसे मोजले ती वापरलीच जात नाही. फ्रेम घेताना दोन मापे पाहावीत. पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, तिला स्टॅक म्हणतात. आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर, त्याला रीच म्हणतात. स्टॅक जास्त व रीच कमी असेल तर ढब ताठ होते, उलट असेल तर वाकलेली. सीटची उंची तर कोणाच्या हौसेवर सोडायची बाबच नाही. पायाची आतील उंची मोजून तिला 0.883 ने गुणले की त्याच आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने मिळते, आणि पेडल सर्वांत खाली असताना गुडघा 25 ते 35 अंशांत वाकलेला राहिला की ते बरोबर समजावे.

अभियंता : मापांविषयी वाद नाही, पण ढब सरावाने येते. पाठ आणि पोट तयार झाले की तोच स्वार खाली वाकून आठ तास बसू शकतो. हँडलखाली कड्या घालून ते वर घेता येते आणि तयारी होईल तसतशी त्या काढता येतात. फ्रेम मात्र बदलता येत नाही. म्हणजे जे बदलता येत नाही ते उद्यासाठी घ्यावे आणि जे बदलता येते ते आजसाठी लावावे, एवढेच म्हणणे आहे.

क्रीडाशिक्षक : हे म्हणणे आधीच्यापेक्षा बरेच पक्के झाले. मग ते गिअरला लावून पाहू. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर आहे आणि सोलापूरहून जाताना शेवटी घाट लागतो. चढ सहा टक्के, म्हणजे शंभर मीटर अंतराला सहा मीटर उंची, आणि स्वार व सायकल मिळून वजन 85 किलो धरले, तर केवळ उंची चढण्यासाठी लागणारी शक्ती काढता येते. तुझ्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर 36 ला 28 आहे. पेडलच्या एका फेरीत ती सुमारे 2.7 मीटर जाते आणि मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर वेग ताशी 13 किलोमीटर होतो. त्याला अंदाजे 180 वॉट लागतात. पुढे 34 आणि मागेही 34 दात असतील तर एका फेरीत 2.1 मीटर, वेग 10 किलोमीटर आणि शक्ती 140 वॉट. ज्याची कुवत 140 वॉटची आहे, त्याला तुझ्या गिअरवर 80 ऐवजी 62 फेऱ्यांवर यावे लागेल. आणि फेऱ्या घटल्या की दर फेरीला गुडघ्यावर पडणारा जोर वाढतो. हा गिअर त्याला शिकवत नाही, त्याचे गुडघे झिजवतो.

अभियंता : कॅसेट बदलता येते, सर; ती उद्याच्या नव्हे, आजच्या यादीत टाकू. पण मग हलकी फ्रेम तरी चढावर उपयोगी मानाल ना?

क्रीडाशिक्षक : 85 किलोत एक किलो वाचला, तर चढावरची बचत सव्वा टक्क्याहूनही कमी. तासाभराच्या चढात ती मिनिटभरही भरत नाही. आणि त्या किलोची किंमत बहुधा आणखी एका चांगल्या सायकलीइतकी असते.

टायरविषयीची चर्चा त्या मानाने लवकर संपते, कारण तिचा निकाल रस्ताच लावतो. सोलापूरच्या आडवाटांच्या कडेला बाभूळ आणि वेडी बाभूळ सर्वत्र आहे, गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याचा मोठा भाग व्यापतात आणि सायकलस्वाराला काट्यांनी भरलेल्या कडेवर उतरावे लागते. अरुंद टायरमध्ये हवेचा दाब जास्त ठेवावा लागतो व तो प्रत्येक खडा हातापर्यंत पोहोचवतो. 32 मिलिमीटरचा, आतून काटारोधक थर असलेला टायर कमी दाबावर चालतो, पकड जास्त देतो आणि लांबच्या वाटेवर त्याने होणारे वेगाचे नुकसान एका पंक्चरच्या वेळेपेक्षा कमी भरते. अट एवढीच की फ्रेममध्ये तेवढ्या रुंदीला जागा हवी. म्हणजे फ्रेम उद्यासाठी घ्यायची तर ती अरुंद टायरपुरती बांधलेली नसावी, हा मुद्दा अभियंत्याच्याच तत्त्वातून निघतो. खरा मतभेद उरतो तो बंधाविषयी.

अभियंता : क्लीटच्या पेडलने पाय जागेवर राहतो, फेरी गोल होते आणि उभे राहून जोर लावताना पाय घसरत नाही. शिवाय एकदा पाय अडकवायची सवय झाली की मागे जाववत नाही. मग पहिल्याच दिवशी शर्यतीचे, तीन स्क्रूंचे, घट्ट पकडीचे पेडल का घेऊ नये?

क्रीडाशिक्षक : त्या पेडलचा जन्म पाहिला तर उत्तर सापडते. फ्रान्समध्ये नेव्हेर येथे 1951 मध्ये सुरू झालेली लुक ही कंपनी मुळात स्कीची बाइंडिंग बनवणारी. तोपर्यंत सायकलपटू पाय पेडलला चामड्याच्या पट्ट्याने बांधत आणि पडताना तो हाताने सोडवावा लागे. पाय घट्ट धरायचा पण ठरावीक जोरानंतर आपोआप सोडून द्यायचा, हे स्कीवरचे तत्त्व लुकने 1984 मध्ये पेडलवर आणले आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो यांनी तेच पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली. म्हणजे या यंत्रणेचे मर्म पकडण्यात नाही. पट्टाही पकडतच होता. तिचे मर्म सोडण्यात आहे. आणि सोडण्याची मर्यादा कशी ठरवावी, याचा विचार सायकलवाल्यांपेक्षा स्कीवाल्यांनी कितीतरी शिस्तीने केला आहे.

या विधानाचा आधार समजण्यासाठी स्कीकडे वळावे लागते. स्कीच्या फळीची निवड चार गोष्टींवर होते. पहिली लांबी : नवशिक्याला हनुवटीच्या आसपास येणारी फळी वळवायला सोपी जाते, तर वेगाने उतरणाऱ्याला डोक्याइतकी लांब फळी स्थिर वाटते. दुसरी मधली रुंदी : दाबून सपाट केलेल्या उतारावर, जसा औलीला असतो, 70 ते 80 मिलिमीटरची अरुंद फळी पटकन कडेवर येते, गुलमर्गच्या अफरवट पर्वतावरील न दाबलेल्या भुसभुशीत बर्फात मात्र 100 मिलिमीटरहून रुंद फळीच तरंगते. तिसरी कडेचा वक्र : फळी कडेवर कलंडली की त्या वक्राची त्रिज्या वळणाचा आकार ठरवते, त्यामुळे लहान त्रिज्येची फळी आखूड वळणांना व मोठ्या त्रिज्येची लांब वळणांना योग्य. चौथी लवचीकता : मऊ फळी कमी जोरात वाकते व चुका पोटात घालते, ताठ फळी जोर मागते आणि तो मिळाला की वेगातही डळमळत नाही. या चारही गोष्टींत कुवतीच्या थोडे पुढचे साधन घेण्यास वाव असतो, कारण चुकीची किंमत बहुतेक वेळा एक फसलेले वळण एवढीच असते.

बाइंडिंगचा हिशेब निराळा आहे. ते कोणत्या जोराला बूट सोडेल याचा आकडा आंतरराष्ट्रीय मानक 11088 नुसार ठरतो आणि त्यासाठी स्कीपटूचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याचा प्रकार विचारला जातो. प्रकार तीन : सावकाश व सौम्य उतारावर उतरणारा पहिला, मध्यम दुसरा आणि वेगाने, तीव्र उतारावर जाणारा तिसरा. तळव्याची लांबी विचारली जाते, कारण बूट जितका लांब तितका पायाला पीळ देणारा दांडा लांब होतो. आणि पन्नाशी गाठलेल्यांसाठी, हाडांचा विचार करून, मर्यादा एक पायरी खाली आणली जाते. या यादीत एकही प्रश्न पुढच्या हंगामाविषयी नाही.

अभियंता : पण सर, त्याच मानकात तिसऱ्या प्रकारासाठी आकडा वर जातो, तो उगाच नव्हे. बंध फार सैल ठेवला तर तो नको तेव्हा सुटतो आणि तीव्र उतारावर एका पायाची स्की निसटणे हे न सुटण्याइतकेच घातक असते. सायकलीवरही घाटात उभे राहून जोर लावताना पाय सुटला तर तोंडावर आपटायची वेळ येते. सैल म्हणजे सुरक्षित हे समीकरण चूक आहे.

क्रीडाशिक्षक : हे मान्यच करावे लागेल. सैल बंध म्हणजे सुरक्षित बंध, असे म्हणणे अर्धवट ठरते. बंध सैलही नको आणि घट्टही नको. तो आजच्या माणसाला बरोबर बसणारा हवा. आज तू तिसऱ्या प्रकारचा असशील तर तिसऱ्याची मर्यादा लाव. पण तिसरा व्हायचे आहे म्हणून ती लावू नकोस. गतिरोधक अचानक दिसला, कुत्रे आडवे आले, ट्रॉलीने दाबले, की पाय विचार न करता टाच बाहेर वळवून सुटायला हवा. हा विचार न करण्याचा गुण सरावाने येतो, विकत मिळत नाही.

अभियंता : मग निवड कशी करावी?

क्रीडाशिक्षक : ब्रेव्हेसाठी शिमानो कंपनीने 1990 मध्ये आणलेल्या एसपीडी पद्धतीचे, दोन स्क्रूंचे पेडल पाहा. त्याची क्लीट बुटाच्या तळात आत बसते, त्यामुळे थांब्यावर, धाब्यावर किंवा पंढरपूरच्या फरशीवर चालता येते. शर्यतीच्या तीन स्क्रूंच्या क्लीटवर चालणे अवघड आणि ती झिजतेही लवकर. एसपीडीतही दोन जाती आहेत : एक टाच बाजूला वळवल्यावरच सुटते, दुसरी अनेक दिशांनी सुटते. पहिल्या वर्षी दुसरी घ्यावी, पेडलवरच्या स्क्रूने पकड कमीत कमी ठेवावी आणि रिकाम्या मैदानावर पाय अडकवण्याचा नव्हे, सोडवण्याचा सराव करावा. पुढे तीन स्क्रूंच्या पेडलवर जायचे झाले तरी शिमानोची पिवळी क्लीट घ्यावी. तिच्यात टाचेला सहा अंश हलायला मोकळीक असते, निळीत दोन आणि लालमध्ये मुळीच नाही. ही मोकळीक गुडघ्याची असते, कारण पाय नेमका कोणत्या कोनात फिरतो हे शरीराला ठाऊक असते, स्क्रू बसवणाऱ्याला नसते.

अभियंता : म्हणजे फ्रेमविषयीचे म्हणणे टिकते, बंधाविषयीचे टिकत नाही.

क्रीडाशिक्षक : फ्रेमविषयीचेही सरसकट टिकत नाही. तुझ्या मापाची, जाड टायर घेणारी आणि हँडल वर घेता येईल अशी असेल तरच ती उद्यासाठी घेण्यात अर्थ आहे.

या संवादातून निघणारा निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या सुरुवातीच्या भूमिकांपेक्षा वेगळा आहे. साधन आजच्या कुवतीला साजेसे असावे की उद्याच्या, हा प्रश्न सगळ्या साधनाला एकदम विचारला की त्याचे उत्तर मिळत नाही. तो प्रत्येक भागाला वेगळा विचारावा लागतो आणि त्यासाठी प्रत्येक भागाची दोन कसोट्यांवर पारख करावी लागते. तो भाग पुढे बदलता येतो काय, आणि तो चुकीचा ठरला तर किंमत कोणत्या रूपात मोजावी लागते? फ्रेम किंवा स्कीची फळी सहज बदलता येत नाही आणि ती किंचित पुढची ठरली तर किंमत थकव्यात किंवा पैशांत मोजली जाते. म्हणून तेथे उद्याला जागा द्यावी. गिअर व टायर स्वस्तात बदलता येतात, म्हणून ते आजच्या वाटेप्रमाणे लावावेत. बंधही बदलता येतो, पण तो चुकला तर किंमत गुडघा, नडगी किंवा खांदा मोजतो. म्हणून तेथे उद्याला मुळीच जागा नाही.

हाच क्रम खर्चालाही लागू पडतो. ठरावीक रकमेत सायकल घेणाऱ्याने प्रथम मापाची फ्रेम, मग सीट, बूट व पेडल हे शरीराला चिकटणारे भाग, त्यानंतर टायर व कॅसेट आणि पैसे उरलेच तर सर्वांत शेवटी हलकेपणा, या ओळीने खर्च करावा. बंध केव्हा घट्ट करावा याचे उत्तर किलोमीटरांच्या मोजणीत सापडत नाही. अचानक थांबावे लागले असता पाय सुटल्यानंतरच तो सुटल्याचे ध्यानात येऊ लागले, की पकडीचा स्क्रू एक टप्पा फिरवायला हरकत नाही. वाकलेल्या ढबीसाठी शरीर तयार होते की मोडते, याविषयी अभियंता व क्रीडाशिक्षक यांचे मत शेवटपर्यंत जुळत नाही, आणि ते जुळण्याची गरजही नाही. हँडलखालच्या कड्या त्याचा निवाडा प्रत्येक स्वारापुरता स्वतंत्रपणे करतात.